कसोटी स्वदेशी हवी!

३ ऑक्टोबर १९७८. शारदीय नवरात्र नुकतेच सुरू झाले होते. त्या दिवशी कोलकात्यात एका कन्येचा जन्म झाला आणि उत्सवाचे दिवस म्हणून तिचे नाव दुर्गा ठेवण्यात आले. इंग्लंडातील ओल्डहॅम येथे २५ जुलै १९७८ रोजी जगातील पहिली 'टेस्ट ट्यूब बेबी' जन्मली, त्याला अवघे ७० दिवस झाले होते. मातेच्या उदराबाहेर फलन घडवून जन्माला आलेले जगातील दुसरे अपत्य भारतात, भारतीय वैद्याच्या हातून, तुटपुंज्या साधनांनिशी जन्माला आले होते. त्या वैद्याचे नाव डॉ. सुभाष मुखोपाध्याय. कोणत्याही स्वाभिमानी राष्ट्राने अशा माणसाची पाठ थोपटली असती. या देशाने त्याच्यामागे चौकशी समिती लावली.

या घटनेला साडेचार दशकांहून अधिक काळ लोटला आहे. डॉ. मुखोपाध्याय यांच्यावर चित्रपट निघाला, लेख लिहिले गेले, हळहळ व्यक्त झाली. त्या हळहळीत मूळ रोगाचे निदान मात्र राहून गेले. वैद्यकीय दाव्याची जाणकारीने व निर्भयपणे परीक्षा घेणारी व्यवस्था या देशाने वेळेवर उभी केली नाही, हा तो रोग. त्यामुळे येथे सत्य परीक्षेविना नाकारले गेले आणि अर्धवट दावे परीक्षेविना डोक्यावर घेतले गेले. वंध्यत्वावरील उपचार आणि मेंदूचे प्रतिमाचित्रण ही दोन क्षेत्रे या रोगाची सर्वांत बोलकी उदाहरणे आहेत. कारण अपत्यासाठी आसुसलेले जोडपे आणि मनोविकाराने गांजलेले कुटुंब यांच्याइतका हतबल ग्राहक दुसरा सापडणार नाही.

कोलकात्याची चौकशी

डॉ. मुखोपाध्याय हे कोणी हौशी प्रयोगकर्ते नव्हते. कोलकाता विद्यापीठाची आणि नंतर १९६७ साली एडिंबरो विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांनी मिळवली होती; प्रजननाशी संबंधित संप्रेरके हा त्यांचा अभ्यासविषय होता. परदेशी स्थायिक होण्याची संधी असताना ते मायदेशी परतले. स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. सरोजकांती भट्टाचार्य आणि जादवपूर विद्यापीठातील शीतजीवशास्त्राचे अभ्यासक प्रा. सुनीत मुखर्जी या दोन सहकाऱ्यांसह त्यांनी हे काम केले.

त्यांची पद्धत ओल्डहॅमची नक्कल नव्हती. तेथे स्टेप्टो आणि एडवर्ड्स यांनी स्त्रीच्या नैसर्गिक ऋतुचक्रात तयार होणारे एकच बीज दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने काढले होते. मुखोपाध्याय यांनी संप्रेरकांच्या साहाय्याने एकाच चक्रात अनेक बीजे तयार करवली, योनिमार्गाने ती मिळवली, फलनानंतर भ्रूण गोठवून ५३ दिवस जपून ठेवला आणि गर्भाशय पूर्ववत झाल्यावर पुढच्या चक्रात त्याचे रोपण केले. आज जगभरातील वंध्यत्व-चिकित्सालयांत रोज हेच केले जाते. गोठवलेल्या भ्रूणापासून झालेल्या गर्भधारणेची नोंद ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी १९८३ साली प्रसिद्ध केली. कोलकात्यात ते पाच वर्षे आधी घडले होते.

पश्चिम बंगालमध्ये तेव्हा डाव्या आघाडीचे सरकार होते. 'वैज्ञानिक दृष्टिकोना'चा जप अहोरात्र करणाऱ्या या सरकारने नोव्हेंबर १९७८ मध्ये दाव्याच्या तपासणीसाठी समिती नेमली. तिच्या अध्यक्षपदी रेडिओ-भौतिकीचे प्राध्यापक होते! समितीत प्रयोगशाळेत मानवी भ्रूण हाताळलेला एकही सदस्य नव्हता. या समितीने मुखोपाध्याय यांचा दावा बनावट ठरवला. जपानमधील क्योटो येथून व्याख्यानाचे निमंत्रण आले असता सरकारने त्यांना जाण्याची अनुमती नाकारली. जून १९८१ मध्ये तर कहर झाला. प्रजननसंशोधनाला आयुष्य वाहिलेल्या या माणसाची बदली नेत्रविज्ञान संस्थेत करण्यात आली. १९ जून १९८१ रोजी, वयाच्या पन्नाशीत, डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी आपली जीवनयात्रा संपवली.

यावर एक प्रतिवाद नेहमी केला जातो. मुखोपाध्याय यांनी आपल्या प्रयोगाचा सविस्तर तपशील आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापला नव्हता. दुर्गेच्या आईवडिलांना लोकापवादाची धास्ती होती व त्यांना गुप्तता हवी होती. मग पुरावा मागितला तर चुकले काय? पुरावा मागण्यात काहीही चुकले नाही. असाधारण दाव्याला असाधारण पुरावा लागतोच. परंतु पुरावा तपासायचा तर तो वाचता येणारा माणूस आधी बसवावा लागतो. सोन्याची पारख सुताराकडे देऊन वर सोन्यालाच खोटे ठरवावे, असा हा न्याय होता. आणि पारखीनंतर सोनाराची गावातून हकालपट्टी करणे, याला तर कोणत्याच शास्त्रात आधार नाही.

इंग्लंडातही एडवर्ड्स यांना पायघड्या घातल्या गेल्या नव्हत्या. तेथील वैद्यक संशोधन परिषदेने १९७१ साली त्यांना अनुदान नाकारले. चर्च आणि वृत्तपत्रे यांनी टीकेची झोड उठवली. तरीही खासगी देणगीवर त्यांचे काम चालू राहिले, नियतकालिकांतून त्यांचे निष्कर्ष छापले गेले, समव्यवसायी तज्ज्ञांनी ते वाचले आणि वाद घातले. २०१० साली एडवर्ड्स यांना नोबेल पारितोषिक मिळाले. अनुदान नाकारणाऱ्यांनी त्यांची प्रयोगशाळा काढून घेतली नव्हती. लंडन आणि कोलकाता यांतील फरक एवढाच होता; पण तो एका आयुष्याएवढा होता.

मुखोपाध्याय यांना न्याय मिळाला तोही सरकारकडून नव्हे. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात हर्षा या मुलीचा जन्म झाला. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्या प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या परिश्रमांचे ते फळ होते आणि भारतातील पहिली टेस्ट ट्यूब बेबी म्हणून हर्षाचीच नोंद झाली. १९९७ साली आनंद कुमार कोलकात्याला गेले असता मुखोपाध्याय यांची टिपणे त्यांच्या हाती आली. त्यांनी ती बारकाईने अभ्यासली आणि 'करंट सायन्स' या नियतकालिकात लेख लिहून जाहीर केले की, भारतातील पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीचे शिल्पकार सुभाष मुखोपाध्याय हेच होत. पहिलेपणाचा स्वतःचा मान स्वतःच्याच लेखणीने दुसऱ्याच्या पदरी घालणारा असा वैज्ञानिक विरळा. सक्षम पारखी म्हणजे काय, याचे उत्तर या एका कृतीत आहे. टिपणे तीच होती. वाचणारा बदलला आणि निकाल उलटला.

एका औषधाची दैना

येथवरची कथा सत्य नाकारल्याची झाली. परीक्षा न घेता स्वीकार आणि परीक्षा न घेता नकार, या दोन्ही चुका एकाच औषधाबाबत करून दाखवण्याचा विक्रमही याच देशाच्या नावावर आहे.

लेट्रोझोल हे स्तनाच्या कर्करोगावरील, ऋतुनिवृत्त स्त्रियांना देण्याचे औषध. बीजनिर्मितीला चालना देण्यासाठी ते उपयोगी पडेल, असे कॅनडातील संशोधकांनी २००१ साली सुचवले. कल्पना आशादायक होती आणि तिची रीतसर चाचणी व्हायला हवी होती. झाले भलतेच. औषध नियंत्रकांची मंजुरी नसताना देशातील चारशेहून अधिक स्त्रियांना हे औषध वंध्यत्वासाठी देण्यात आल्याचे २००३ साली उघडकीस आले. त्या स्त्रिया कोणत्या चाचणीत सहभागी होत आहेत, त्यात धोका काय, संमती कशाला द्यायची, याचा त्यांना पत्ता नव्हता. पुढे याच उपयोगाला मंजुरी देण्यात आली आणि संसदेच्या स्थायी समितीने २०१२ साली सादर केलेल्या ५९ व्या अहवालात त्या मंजुरीवर कडक ताशेरे ओढले. तत्पूर्वी, ऑक्टोबर २०११ मध्ये, सरकारने वंध्यत्वासाठी लेट्रोझोलच्या वापरावर बंदी घालून टाकली होती.

मग २०१४ साली अमेरिकेतून निष्कर्ष आला. बीजकोशाच्या विकाराने त्रस्त असलेल्या ७५० स्त्रियांवरील रीतसर चाचणीत लेट्रोझोल घेणाऱ्यांपैकी २७.५ टक्के स्त्रियांना अपत्यप्राप्ती झाली. जुन्या क्लोमिफेन औषधाने हेच प्रमाण १९.१ टक्के होते. २०१७ साली भारताने बंदी उठवली.

या घटनाक्रमाकडे नीट पाहावे. धोका भारतीय स्त्रियांनी पत्करला, तोही त्यांना न विचारता. त्या चारशे जणींच्या अनुभवातून ज्ञानाचा एक कणही निर्माण झाला नाही. कारण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता आणि विश्वासार्ह नोंद नव्हती. बंदी घालतानाही स्वतःची चाचणी नव्हती आणि उठवतानाही नव्हती. गर्भधारणेची समस्या भारतीय स्त्रीची, औषध भारतातील कारखान्यांत तयार होणारे, आणि ते द्यावे की नाही याचा निर्णय अमेरिकेच्या आकड्यांवर! राजकीय स्वातंत्र्य मिळवलेल्या राष्ट्राच्या बौद्धिक परावलंबनाचे याहून स्पष्ट चित्र कोणते?

मेंदूचा आलेख न्यायासनापुढे

औषधाच्या बाबतीत निदान प्रश्न विचारले गेले. मेंदूच्या बाबतीत मात्र यंत्राच्या झगमगाटापुढे विवेकाचेच डोळे दिपले.

जून २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने खुनाच्या एका खटल्यात तरुण स्त्रीला जन्मठेप ठोठावली. अन्य पुराव्यांबरोबर न्यायालयाने एका मेंदू-चाचणीचाही आधार घेतला होता. मुंबईच्या न्यायसहायक प्रयोगशाळेत झालेल्या या चाचणीत डोक्याला विद्युत-संवेदक लावून आरोपीपुढे वाक्ये वाचली जातात. आरोपीने एक शब्दही उच्चारायचा नसतो. मेंदूतील विद्युत-लहरींवरून ही व्यक्ती ती घटना केवळ ऐकून आहे की तिने ती प्रत्यक्ष अनुभवली आहे, हे संगणक सांगतो, असा दावा असतो. ही पद्धत बंगळुरूच्या 'निम्हान्स' संस्थेतील एका माजी प्राध्यापकांनी विकसित केली होती. जगभरच्या मेंदूशास्त्रज्ञांनी तोंडात बोटे घातली. कारण हा भेद खात्रीने ओळखता येतो, हे स्वतंत्र संशोधकांनी तपासून प्रसिद्ध केलेले नव्हते.

आणि याच वर्षी 'निम्हान्स'चे तत्कालीन संचालक डॉ. डी. नागराज यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ-समितीचा निर्वाळा प्रकाशात आला, की ही पद्धत शास्त्रीय कसोटीस उतरत नाही आणि न्यायालयात पुरावा म्हणून ती वापरू नये. म्हणजे पारखी याच देशात होते, जाणकार होते, आणि आपल्याच संस्थेतील माजी सहकाऱ्याच्या कामाबद्दल खरे सांगण्याचे धैर्यही त्यांच्यापाशी होते. त्यांचा निर्वाळा प्रयोगशाळेपर्यंत आणि न्यायासनापर्यंत वेळेवर पोहोचवणारी व्यवस्था तेवढी नव्हती. पुढच्या वर्षी उच्च न्यायालयाने त्या स्त्रीला जामीन दिला. ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात, संमतीविना अशी चाचणी करणे हा घटनेच्या विसाव्या व एकविसाव्या अनुच्छेदांचा भंग होय, असा निर्णय दिला.

कोलकात्यात रेडिओ-भौतिकीच्या प्राध्यापकाने भ्रूणशास्त्राचा निकाल दिला. पुण्यात मेंदूशास्त्रातील अनिर्णित प्रश्नाचा निकाल फौजदारी न्यायालयात लागला. पहिल्या प्रसंगी संशयाचा अतिरेक झाला, दुसऱ्या प्रसंगी विश्वासाचा. दोन्हीकडे अनुपस्थित होती ती जाणकाराची परीक्षा. येथे स्वदेशाभिमान्यांनीही एक गोष्ट ध्यानी घ्यावी. पुण्यातील पद्धत पूर्णतः भारतीय होती. केवळ भारतीय म्हणून एखादा दावा खरा ठरत नाही, जसा केवळ भारतीय म्हणून मुखोपाध्याय यांचा दावा खोटा ठरत नव्हता. या भूमीतील न्यायशास्त्राने प्रत्येक प्रमेयासाठी प्रमाण मागितले आणि पूर्वपक्ष मांडल्याविना सिद्धांत सांगू दिला नाही. त्या परंपरेचा वारसा सांगणाऱ्याने कसोटीला भिण्याचे कारण नाही.

मोजपट्टी कुणाची?

मनोविकारांच्या क्षेत्रात तर मोजपट्टीच परकी आहे. एमआरआय यंत्रातून मिळालेल्या मेंदूच्या प्रतिमांची शास्त्रीय तुलना करण्यासाठी एक प्रमाण-नकाशा लागतो. जगभर प्रचलित असलेला नकाशा कॅनडातील माँट्रियल येथे, पाश्चात्त्य वंशाच्या १५२ तरुण व्यक्तींच्या मेंदूंवरून तयार झालेला आहे. भारतीय रुग्णाचा मेंदू त्या साच्यात ताणूनताणून बसवला जातो आणि मग कोणता भाग आक्रसला, कोणता वाढला, याचे निष्कर्ष काढले जातात. हैदराबादच्या आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्थेने २०१९ साली शंभर निरोगी भारतीयांच्या प्रतिमांवरून नकाशा तयार केला, तेव्हा भारतीय मेंदूची लांबी, रुंदी व आकारमान पाश्चात्त्य नमुन्याहून सरासरीने कमी असल्याचे दिसले. याचा बुद्धिमत्तेशी काहीही संबंध नाही, मापाशी आहे. परक्या साच्यात निरोगी भारतीय मेंदूही आक्रसल्यासारखा दिसू शकतो. 'निम्हान्स'च्या संशोधकांनीही ४६६ भारतीयांच्या प्रतिमांवरून, सहा ते साठ या वयोगटांसाठी स्वतंत्र प्रमाण-नकाशे सिद्ध केले आहेत. हे खरे राष्ट्रकार्य! त्याचा गाजावाजा किती झाला, हे ज्याचे त्याने आठवून पाहावे.

वंध्यत्वाचेही तेच. स्पॅनिश आणि भारतीय स्त्रियांची तुलना करणारा एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. भारतीय स्त्रियांच्या बीजकोशातील साठा स्पॅनिश स्त्रियांहून सुमारे सहा वर्षे आधी घटलेला दिसतो, असे त्यात आढळले. हा एक अभ्यास अंतिम सत्य नव्हे. परंतु तो थोडाफार जरी खरा असेल, तरी युरोपातील स्त्रीसाठी ठरवलेले वय आणि मात्रा तिशीतील भारतीय स्त्रीला जशाच्या तशा लावणे म्हणजे तिची उमेदीची वर्षे वाया घालवणे होय. हा प्रश्न भारतातच, भारतीय स्त्रियांच्या संमतीने व त्यांच्या हितासाठी सोडवला जायला हवा. स्पेनला त्याची घाई असण्याचे कारण नाही.

बाजार थांबत नाही

संशोधन थांबले तरी बाजार थांबत नाही. गर्भाशयाच्या अस्तरावर ओरखडा काढला की भ्रूण चांगला रुजतो, या समजावर कित्येक वर्षे जगभर जोडप्यांनी पैसे मोजले. न्यूझीलंडच्या संशोधकांनी पाच देशांतील १,३६४ स्त्रियांवर चाचणी घेऊन २०१९ साली दाखवून दिले, की ओरखडा काढलेल्या व न काढलेल्या दोन्ही गटांत अपत्यप्राप्तीचे प्रमाण एकच होते : २६.१ टक्के. इतकी वर्षे स्त्रियांनी सोसलेली वेदना निष्फळ होती.

मेंदूच्या रंगीत प्रतिमांची मोहिनी याहून मोठी. लाल-पिवळ्या ठिपक्यांकडे बोट दाखवून 'हा पाहा तुमच्या मुलाचा आजार' असे सांगितले, की कोणता बाप शंका घेईल? प्रत्यक्षात अमेरिकन मनोविकार संघटनेच्या तज्ज्ञगटाने २०१२ सालीच स्पष्ट केले, की कोणत्याही मनोविकाराच्या निदानासाठी चिकित्सेत वापरावी अशी मेंदू-प्रतिमेची खूण उपलब्ध नाही. 'नेचर'मध्ये २०२२ साली आलेल्या शोधनिबंधाने तर दाखवले, की मेंदूची रचना आणि वर्तन यांचा संबंध खात्रीने सांगायचा तर हजारो व्यक्तींच्या प्रतिमा लागतात. या क्षेत्रातील बहुतेक अभ्यास मात्र जेमतेम पंचवीस-एक व्यक्तींवर उभे होते. गाठ किंवा रक्तस्राव नाही ना, हे पाहण्यासाठी एमआरआय अवश्य करावा. नैराश्याचा फोटो मात्र अजून कोणत्याही यंत्राला काढता आलेला नाही.

कायदे झाले आहेत, हे मान्य केले पाहिजे. २००७ साली चिकित्सा-चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली, २०१९ साली नवी नियमावली आली आणि २०२१ साली सहाय्यित प्रजननतंत्राचा कायदा होऊन वंध्यत्व-चिकित्सालयांची नोंदणी व त्यांची माहिती राष्ट्रीय नोंदवहीकडे पाठवणे बंधनकारक झाले. आता ही माहिती दप्तरात कोंडून ठेवू नये. 'यशाचे प्रमाण सत्तर टक्के' असा फलक लावणाऱ्याला, हे सत्तर कशातले, असे विचारता आले पाहिजे. गर्भधारणेची चाचणी सकारात्मक आली तेही यश, आणि बाळ घरी आले तेही यश. दोहोंत महदंतर आहे. उपचार सुरू केलेल्या प्रत्येक शंभर स्त्रियांपैकी किती जणींच्या कुशीत बाळ आले, हा एकच आकडा, वयोगटानुसार, प्रत्येक चिकित्सालयाच्या दाराशी मराठीत लिहिलेला असावा. संमतिपत्रही रुग्णाच्या भाषेत आणि त्याला उमगेल अशा शब्दांत हवे. आणि एखाद्या भारतीय संशोधकाने असाधारण दावा केला, तर त्याची तपासणी करणाऱ्या समितीत त्या विषयात प्रत्यक्ष हात घातलेले लोकच असावेत. त्यांचा अहवाल कारणांसह प्रसिद्ध व्हावा आणि चौकशी चालू असताना संशोधकाची प्रयोगशाळा, पद आणि लेखणी यांना कोणी हात लावू नये.

यातील एकाही मागणीला परदेशी तंत्रज्ञान लागत नाही. हवी आहे ती प्रामाणिक नोंद, जाणकार पारखी आणि रुग्णाबद्दल आदर. डॉ. मुखोपाध्याय यांना यांपैकी एकही मिळाले नाही आणि त्या चारशे स्त्रियांनाही नाही. भारतात उद्या जन्मणारा दुसरा सुभाष मुखोपाध्याय कोणत्या समितीपुढे उभा राहील, याचा निर्णय शासनाने, वैद्यकीय संघटनांनी आणि जागरूक समाजाने आजच करायला हवा. अन्यथा त्याच्याही वाट्याला जिवंतपणी बदलीचा आदेश आणि मरणोत्तर चित्रपटच येईल.